क्लेमचा बोल्ट, ऑर्वल्डची रायफल

११ फेब्रुवारी २०१३, विलिस्टन

ही वही नंबर लिहायला घेतली. रॉइसने घ्यायला लावली. रॉइस प्रूइटचं गावाबाहेर जुन्या लष्करी बंदुकांचं दुकान आहे. सुट्टी असली की मी तिथे जाऊन बसतो, कारण तेलकंपनीच्या कँपात नुसतं पडून राहिलं की माझं डोकं फिरतं. आज त्याने एक लाकडी खोकं फोडलं. आत वीस रशियन रायफली, प्रत्येक तेलकट कागदात गुंडाळलेली, वर मेणासारखं घट्ट तेल. साठ-सत्तर वर्षं तशाच झोपलेल्या.

"एक उचल, केंटकी," रॉइस म्हणाला. इथे कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही, ज्याच्या त्याच्या राज्याने मारतात. टॉली स्टॅम्पर हे माझं नाव पगाराच्या चिठ्ठीवरच दिसतं.

एकशे चाळीस डॉलर दिले, फॉर्म भरला. रॉइस म्हणाला, "आता वहीत लिही. कारखान्याची खूण, साल, नंबर. नळीवरचा नंबर, बोल्टवरचा, दस्त्याच्या पट्टीवरचा. सगळे एक असतील तर ती जन्मली तशी आहे. वेगळे असतील तर कुणीतरी मध्ये हात घातलाय."

बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा मुठीचा पोलादी दांडा. तो काढला की रायफल म्हणजे महागातली काठी.

नंबर लिहून झाले तरी पान उरलं, म्हणून हे लिहिलं. नववीत शाळा सोडली, त्यानंतर एवढं सलग लिहिलेलं नाही.

२४ फेब्रुवारी

रायफल साफ केली. कँपात बंदूक चालत नाही, म्हणून रॉइसच्या मागच्या खोलीत. पहिल्यांदा चिंध्यांनी पुसलं, मग लोखंडी भाग उकळत्या पाण्यात. ते तेल असं वितळतं की वाटतं साप कात टाकतोय. दिवसभर गेला. बारा तास तेलविहिरीवर पाइप ओढताना मी दहा वेळा घड्याळ बघतो, आज एकदाही बघितलं नाही.

लाकडावर काळा डाग होता. मी पॉलिशपेपर घेतला, तर रॉइसने हातावर फटका मारला.

"डाग नाही गाढवा तो, दुरुस्ती झाल्याचा शिक्का आहे. घासलास तर तिचं पुस्तकच पुसलंस."

"पण दिसतंय घाण."

"तू पण दिसतोस. तुला घासलं का कुणी?"

जुनी काडतुसं उडवली की नळी गरम पाण्याने धुवायची, नुसत्या तेलाने नाही. त्या दारूतलं मीठ नळी खातं. हे पण लिहून ठेवतो.

चार वर्षांत सहा नोकऱ्या सोडल्या. बाबा म्हणतात, तुला धरून ठेवेल असा खिळा अजून घडायचाय. हे मात्र सोडणार नाही. एकदा का होईना, मला एखादी गोष्ट नीट यायला हवी.

२ एप्रिल, केंटकी

ईस्टरला घरी. बाबा माझ्याशी हवापाण्यावर बोलले. मग आजोबांकडे वर टेकडीवर गेलो. त्यांना एकोणनव्वद चालू आहे, पण बीन्स अजून स्वतः शिजवतात आणि मक्याची भाकरी करपवतात ती पण स्वतःच.

त्यांच्या भिंतीवरची रायफल लहानपणापासून बघतोय. यावेळी पहिल्यांदा *बघितली*. जर्मन माउझर. युद्ध संपल्यावर आजोबा जर्मनीतून घेऊन आले ती. नळीवर नंबर ७३१८. बोल्टवर २९४६.

"आजोबा, हा बोल्ट हिचा नाही!"

"माहीत आहे."

"मग कुणाचा?"

त्यांनी जुनीच गोष्ट सांगितली. परतीच्या बोटीवर चढताना साहेबाने हुकूम दिला, आणलेल्या बंदुकांचे बोल्ट काढून धक्क्यावरच्या पिंपात टाका, बोटीवर कुणी खेळ करायला नको. न्यूयॉर्कला उतरल्यावर पिंप पुढे आलं, ज्याच्या हाताला जो लागला तो घेऊन तो घरी पळाला. आईला भेटायची घाई, नंबर कोण बघतो.

मी म्हणालो, रॉइसला दाखवायला ही घेऊन जाऊ का? वाटलं नाही म्हणतील. आमच्या घरात मला कुणी गाडीची किल्लीसुद्धा देत नाही. ते बराच वेळ बोटांनी बोल्टची मूठ चोळत राहिले. मग उठले, खाली उतरवली आणि माझ्या हातात दिली.

"माझे डोळे गेले आता. ने. पण एक ऐक, जशी आहे तशी राहू दे. आणि दर मेच्या पहिल्या रविवारी बोल्ट काढून पुसायचा, तेल द्यायचं."

"आणि नळी?"

"नळीचं काय घेऊन बसलास. बोल्ट."

साफसफाईतलं त्यांना काही कळत नाही. नळी आतून गंजून लाल झाली आहे आणि बोल्ट आरशासारखा.

निघताना म्हणाले, "तिकडे ऑर्वल्ड ट्वेटेन म्हणून आहे. माझ्या तुकडीतला. गव्हाची शेती आहे. यंदा नाताळचं कार्ड आलं, पण अक्षर त्याचं नाही. जाऊन बघ त्याला."

जाईन म्हणालो. माझ्या जागेपासून सत्तर मैल आहे. गेल्या वर्षीपण जाईन म्हणालो होतो.

१३ एप्रिल

रॉइसने माउझर पाहिली आणि पुढचा लोखंडी पट्टा सरकवला. खाली लाकूड करवतीने आडवं कापलेलं! मला वाटलं मोडली होती.

"सोन्यासारखी मोडली आहे," तो म्हणाला. "शिपायाच्या पिशवीत बसावी म्हणून कापतात. पट्टा वर आला की दिसत नाही. म्हणजे ही दुकानातून नाही, खांद्यावरून आलेली आहे. चिकटवायची हौस येईल तेव्हा माझ्याकडे ये, आधी तुझी बोटं चिकटवू."

काप तिरका आहे, डावीकडे उतरता.

"बोल्ट जुळता असता तर चौदाशे. असा आहे म्हणून पाचशे."

मी म्हणालो, विकायची नाही. पण पाचशे आणि चौदाशे दिवसभर डोक्यात वाजत राहिलं. पैशासाठी नाही. आजोबांनी सदुसष्ट वर्षं परक्याचा बोल्ट पुसला. त्यांचा स्वतःचा ७३१८ कुठेतरी असेलच ना? पोलाद काय विरघळतं?

शोधायचा. ठरलं.

५ मे

आज दोन गोष्टी घडल्या. पहिली लाजेची.

सकाळी आजोबांचा फोन. ते आपणहून कधी फोन करत नाहीत. "आज पहिला रविवार. पुसलास?" मी म्हणालो, हो, आत्ताच. पुसला नव्हता. रायफल रॉइसकडे आणि मी बिछान्यात. "ऑर्वल्डकडे गेलास?" म्हणालो, आजच निघालोय. मग जावंच लागलं.

शेत सापडायला वेळ लागला. दार उघडलं ते एका ताठ, उंच म्हातारीने. बोर्गहिल्ड ट्वेटेन. मी कोण ते सांगितलं तर तिने दाराची चौकट धरली.

"क्लेमचा नातू? आत ये. उशीर केलास पोरा. ऑर्वल्ड फेब्रुवारीत गेला."

फेब्रुवारीत मी सत्तर मैलांवर रशियन बंदूक उकळत होतो.

तिने बटाट्याची पातळ पोळी लोणी-साखर लावून गुंडाळून दिली, एक संपली की दुसरी. टेबलावर जुना टॉवेल अंथरलेला होता, त्यावर एक बोल्ट, तेलाची बाटली आणि मऊ फडकं. मी खात होतो आणि बघत होतो. हात पुसले आणि विचारलं, उचलू का?

७३१८.

तीन वेळा वाचलं. मोठ्याने वाचलं. बोर्गहिल्डआजीला वाटलं मला ठसका लागला.

तिने कपाटातून रायफल आणली. तीसुद्धा माउझर, नंबर २९४६! म्हणजे ऑर्वल्डचा बोल्ट आजोबांकडे आणि आजोबांचा ऑर्वल्डकडे. पट्टा सरकवला, खाली तसाच काप, तिरका, डावीकडे उतरता. त्याच करवतीचा असेल. नशीब म्हणावं तरी किती!

"तुम्ही पुसत होतात?" मी विचारलं.

"त्याचे हात थरथरायला लागले तेव्हापासून मीच पुसते. दर मेला. यंदा तो नाही, पण रविवार आला, मग काय करणार?"

मी तिला सगळं समजावलं. जुळते नंबर, चौदाशे डॉलर. पंधरा जूनला तिच्या शेताचा आणि सामानाचा लिलाव आहे, ती गावातल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहायला जाणार. तिथे बंदूक ठेवू देत नाहीत, म्हणून रायफलही लिलावात. मी म्हणालो, अदलाबदल केली तर तुमचाही फायदा.

ती म्हणाली, "ऑर्वल्ड म्हणायचा, आहे तशी राहू दे."

म्हातारी माणसं सगळीकडे सारखीच. कशाला हात लावायला नको.

"तुला यातलं कळतं ना?" तिने विचारलं.

"कळतं," मी म्हणालो.

आजोबांना फोन केला नाही. ऑर्वल्ड गेला हे नुसतं कसं सांगू? बोल्ट जुळवतो, मग दोन्ही एकदम सांगतो. म्हणजे एक वाईट, एक चांगलं.

१२ मे

रॉइस विश्वासच ठेवेना. "बोटीवर दहा-बारा बंदुका असतील. त्यात तुझा त्याच्याकडे आणि त्याचा नेमका तुझ्याकडे? तीस वर्षांत असं बघितलं नाही. कुणीतरी मागून नंबर ठोकलेत."

मी त्याला आणि आजोबांच्या रायफलीला माझ्या गाडीत घालून आजीकडे नेलं. त्याने भिंग लावून दोन्ही बोल्ट तपासले. आकड्यांचे ठसे, त्यातला मळ, कडांची झीज. अर्धा तास श्वास रोखून बसल्यासारखा.

"अस्सल," शेवटी म्हणाला. "नशीबवान आहेस केंटकी. बाई, लिलावात ही मी घेणार. आत्ताच सांगून ठेवतो."

"आधी कॉफी घ्या," आजी म्हणाली. "नशिबाचं मला माहीत नाही. दोघं एकाच तंबूत होते एवढं माहीत आहे."

१९ मे

झालं. माझ्या हाताने झालं.

आजीच्या टेबलावर दोन्ही रायफली ठेवल्या. तिची फडताळातून, माझी रॉइसकडून. बोल्ट काढले, सरकवले. ७३१८ मध्ये ७३१८ गेला तेव्हा असा आवाज आला की अंगावर काटा. घरच्या दाराची कडी बसावी तसा.

ऑर्वल्डचा बोल्ट आजीने हातात घेऊन उलटसुलट केला. "हा त्याचा स्वतःचा? लग्नाला बासष्ट वर्षं झाली, मी पहिल्यांदा बघतेय." मग माझ्या रायफलीकडे, त्यातल्या बोल्टकडे बघत राहिली. त्या पुसायच्या फडक्याची तिने परत परत घडी घातली. मला वाटतं तिला ऑर्वल्डची आठवण येत असावी.

गाडीतूनच आजोबांना फोन लावला. पहिलं चांगलं सांगितलं, भरभर, थांबलोच नाही. तुमचा बोल्ट सापडला, बसवला, आता जन्मली तशी आहे. मग सांगितलं, ऑर्वल्ड फेब्रुवारीत गेले.

वाटलं लाइन तुटली.

"आजोबा?"

"त्याचा कुठे आहे?"

"त्यांच्या रायफलीत. लिलावात जाईल. आजींना चांगला भाव येईल."

मग म्हणाले, "बरं. म्हणजे आता त्या नुसत्या दोन बंदुका आहेत."

आणि ठेवला.

२० मे

कामावर पाइपची साखळी हातातून सुटली. मुकादम ओरडला. तो ओरडला ते बरं वाटलं.

काय चुकलं ते कळत नाही. दोस्त गेला म्हणून असेल. पण आधी बोल्टचं विचारलं त्यांनी.

२६ मे

आज कळलं.

मीच फोन केला. म्हणालो, आजोबा, मला शिव्या द्या पण सांगा.

ते म्हणाले, "पिंपाची गोष्ट खरी आहे. बाकीच्यांची. आम्ही दोघांनी पिंपात टाकले नाहीत. आदल्या दिवशी तंबूतच एकमेकांना दिले, बुटात लपवून आणले. दोघं पत्र लिहायला आळशी. मी म्हणालो, माझा तुझ्याकडे राहिला तर तुला द्यायला यावं लागेल. तो म्हणाला, तू ये, माझ्याकडे घोडे आहेत, तुझ्याकडे नुसते डोंगर. ज्याच्याकडे आधी भाडं जमेल तो जाणार."

"मग?"

"मग मी खाणीत, तो शेतात. पोरं झाली. भाडं जमलं तेव्हा गुडघे गेले. पण मेच्या त्या रविवारी त्याचा माझ्या हातात असायचा आणि मला माहीत असायचं की माझा आत्ता त्याच्या हातात आहे. भेटायचं राहिलं असं नंतर वाटेनासं झालं."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर तू भाव विचारला असतास."

तो रॉइसचा प्रश्न होता, माझा नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि बंद केलं.

आता ऐक वही. मी एकच माणूस आहे ज्याने सदुसष्ट वर्षं न बिघडलेली गोष्ट एका दुपारी दुरुस्त केली. ती मीच परत बिघडवणार. पंधरा जूनच्या आत.

२ जून

आजीला सगळं सांगितलं. ती उठून खिडकीशी गेली.

"मला वाटायचं, त्याला ती बंदूक माझ्यापेक्षा आवडते," म्हणाली. "वेडा. सांगायचं नाही का?"

ती तयार आहे. पण लिलाववाल्या गॉर्डीने जाहिरात छापून वाटलीसुद्धा. फोटो, खाली ठळक अक्षरात: *जर्मन माउझर, सर्व नंबर जुळते, संपूर्ण.* मी त्याला भेटलो. तो म्हणाला, "पोरा, छापलं म्हणजे छापलं. माँटानापासून लोक येणार आहेत. उद्या बोल्ट नाही म्हटलं तर मला खोटारडा म्हणतील." माणूस वाईट नाही. पण बधेना.

आणि आजीला रायफल ठेवता येत नाही. इमारतीच्या दारावरच लिहिलंय.

९ जून

आठवडाभर ती जाहिरात खिशात घेऊन फिरतोय. मुंगीएवढ्या अक्षरात तळाशी काहीतरी लिहिलंय. माझ्यासारख्याला ते वाचायचं म्हणजे काटेरी तारेतून जायचं. रोज जेवणाच्या सुट्टीत एक ओळ. मुकादमाने विचारलं, प्रेमपत्र आहे का? आज शेवटची ओळ वाचली. परत वाचली. मुकादमाला देऊन मोठ्याने वाचून घेतली.

*विक्रीच्या दिवशी तोंडी जे जाहीर होईल, ते छापील मजकुराहून वरचढ राहील.*

गॉर्डीला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, "ही ओळ आजवर कुणी वाचली नव्हती. मी पण." जाहीर करायला तयार आहे, पण मालकिणीने त्याच्या शेजारी उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं, म्हणतो. आजी कधी चारचौघांत बोललेली नाही.

१५ जून

रात्रपाळी करून सरळ शेतावर गेलो. झोपलो असतो तर उठलो नसतो.

अंगणात गवताच्या गाड्यांवर सगळा संसार मांडलेला. नांगराचे फाळ, दुधाचे कॅन, ऑर्वल्डच्या टोप्या एका खोक्यात. चर्चच्या बायका वाटाण्याची भाजी आणि रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई विकत होत्या. रॉइस नवीन शर्ट घालून पुढे उभा होता. मला बघून डोळा मारला. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, पण तो आकड्यांचा माणूस, मला समजावून गप्प बसवेल अशी भीती वाटली.

माउझरची पाळी आली. गॉर्डीने ती वर धरली आणि म्हणाला, "बोलीच्या आधी मालकिणीला दोन शब्द सांगायचेत."

आजी गाडीवर चढली. मी हात दिला तो तिने घेतला नाही. वारा एवढा की तिचा आवाज उडून जाईल असं वाटलं.

"छापलंय ती चूक आहे," ती म्हणाली. "हिच्याबरोबर बोल्ट नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रॉइस ओरडला, "आहे की! आत्ता त्यात आहे! मी स्वतः भिंगाने बघितलाय!"

"आहे तो," आजी म्हणाली, "पण तो हिच्याबरोबर जाणार नाही. तो माझ्या नवऱ्याने एका दोस्ताला दिलेला आहे. मे महिन्यात तो चुकून परत आला. दिलेली वस्तू परत घेणं आमच्या घरात बसत नाही."

मी गाडीवर चढलो. आजोबांची रायफल पाठीवर होती. सगळ्यांसमोर ऑर्वल्डच्या रायफलीतून २९४६ काढला. माझ्या रायफलीतून ७३१८ काढला. २९४६ आजोबांच्या रायफलीत घातला. ७३१८ आजीच्या हातात ठेवला. एकही खाली पडला नाही. आजीने तो ॲप्रनच्या खिशात टाकला आणि वरून बटण लावलं.

"हे तुम्ही त्या इमारतीत नेणार?" गॉर्डीने हळूच विचारलं.

"तिथे बंदुकीला बंदी आहे," ती म्हणाली. "लोखंडाच्या तुकड्याला नाही. मी विचारून आलेय."

मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग कुणीतरी म्हणालं, आता ही काठी कोण घेणार? हशा झाला. बोली पन्नासपासून सुरू झाली आणि दोनशे दहाला अडकली. घेतली कुणी? रॉइसने.

नंतर तो माझ्याकडे आला. मी मार खायची तयारी ठेवली होती.

"केंटकी, माझ्या डोळ्यांदेखत तू बाराशे डॉलर नांगराखाली घातलेस."

"तुझे नव्हते ते."

"म्हणून तर जास्त दुखतंय." मग म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर मी तुला गप्प बसवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"शहाणा झालास म्हणायचा. तो २९४६ कधी विकणार?"

"नाही."

"दर वर्षी विचारीन."

"दर वर्षी विचार."

आजीला विचारलं, तुमचं एवढं नुकसान झालं. ती म्हणाली, "नवीन पडदे घ्यायचे होते. जुने धुऊन चालतील." मग गाडीवरून ऑर्वल्डच्या टोप्यांचं खोकं काढलं, एक टोपी माझ्या डोक्यावर घातली आणि बाकीची परत ठेवली. ती टोपी मला मोठी होते.

आजोबांना फोन केला. ते म्हणाले, "बरं." मग, "जेवलास का?"

२४ डिसेंबर, केंटकी

याच नोकरीवर मला आता अठरावा महिना लागला. बाबांनी आल्या आल्या गाडीची किल्ली दिली, दुकानातून पीठ आण म्हणून.

आजोबांची रायफल परत भिंतीवर लावली. त्यांनी पहिल्यांदा बोल्टची मूठ चाचपली, मग बोटाच्या टोकाने आकडे. डोळे गेलेत, पण दोन-नऊ-चार-सहा बोटाला कळतात.

टपालात कार्ड होतं. अक्षर बोर्गहिल्डआजीचं. मी वाचून दाखवलं:

*क्लेम, तुमचा माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. शेजारीण म्हणते दाराची कडी कशाला जपतेस. मी म्हटलं, दाराचीच आहे. तेल शिवणयंत्राचं देते. चालेल ना?*

आजोबा इतके हसले की खोकला लागला. मग म्हणाले, पेन घे. मला वाटलं मोठं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "लिही, चालेल."

"एवढंच?"

"आणि लिही, त्याचा इथे बरा आहे."

मी लिहिलं. अक्षर फारसं चांगलं आलं नाही. पाकीट चिकटवून टेबलावर ठेवलं.

"पुढच्या मेचा पहिला रविवार कितीला येतो रे?" आजोबांनी विचारलं.

कॅलेंडर अजून जुनंच होतं, म्हणून बोटांवर मोजलं. चार तारीख.

या वहीच्या पहिल्या पानावर, रशियन रायफलीच्या नंबरांखाली, जागा उरली होती. तिथे लिहून ठेवलं: २९४६, ७३१८, चार मे.